सोसायटीच्या दुरुस्तीचा खर्च: कमिटीला हिशेब कधी आणि कसा मागायचा

दुरुस्तीच्या खर्चावरून सोसायटीत होणारी भांडणं बहुतेक वेळा उशिरा होतात. पैसे भरण्याची नोटीस हातात पडली की आवाज चढतो. पण तोवर सभा होऊन गेलेली असते, ठराव इतिवृत्तात चढलेला असतो, ठेकेदाराला आगाऊ रक्कमही दिलेली असते. ‘एवढे पैसे कशाचे?’ हा प्रश्न रास्तच आहे. तो विचारायची जागा मात्र सर्वसाधारण सभा, आणि वेळ ठराव मंजूर व्हायच्या आधीची. त्या वेळी नेमकं काय विचारायचं हे माहीत असेल तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो. आणि वेळ निघून गेली असेल, तरी कायद्याने काही दारं उघडी ठेवली आहेत.

इथलं सगळं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांबद्दल आहे. त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण जोडलं गेलं. त्याखाली प्रत्येक संस्थेचे स्वतःचे उपविधी, म्हणजे कारभाराचे नियम, असतात. बहुतेक संस्थांनी शासनाचे आदर्श उपविधी स्वीकारलेले आहेत, पण कुणाकडे २०१४ चे, तर कुणाकडे त्याआधीचे. म्हणून सुरुवात कपाटातून आपल्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत काढण्यापासून करा. व्हॉट्सॲपवर फिरणारे नियम आपल्या सोसायटीचे असतीलच असं नाही.

कारभारी कोण आणि मालक कोण

अधिनियमाच्या कलम ७२ नुसार संस्थेतला अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा, म्हणजे सगळ्या सदस्यांचा. कलम ७३ नुसार रोजचा कारभार व्यवस्थापक समितीकडे, म्हणजे आपण ज्याला कमिटी म्हणतो तिच्याकडे. कमिटीला अधिकार मिळतात ते कायदा, उपविधी आणि सभेचे ठराव यांतून. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं मोठी वाटली तरी स्वतःच्या मर्जीने इमारतीवर लाखो रुपये खर्च करण्याचा अधिकार त्या पदांत नाही.

जबाबदारी मात्र मोठी आहे. कमिटीने आपल्या कार्यकाळात घेतलेल्या निर्णयांना तिचे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. म्हणजे चुकीच्या निर्णयाचा ठपका सगळ्यांवर मिळून येतो आणि प्रत्येकावर एकेकट्यानेही येतो. ‘सही सचिवांनी केली, मी फक्त बसलो होतो’ हे उत्तर चालत नाही. म्हणूनच कमिटीत राहून एखादा खर्च पटत नसेल तर मनात ठेवू नका. विरोध केल्याची नोंद त्याच बैठकीच्या इतिवृत्तात करून घ्या.

कमिटीवर बसलेली माणसं आपलेच शेजारी असतात. नोकरी-धंदा सांभाळून, बिनपगारी, रात्री दहा वाजता पंप बंद पडला म्हणून खाली उतरणारी. त्यांना हिशेब विचारणं म्हणजे त्यांच्यावर चोरीचा आळ घेणं नव्हे. ज्या कमिटीने कागद नीट ठेवले आहेत, तिचं सर्वात मोठं संरक्षण तोच हिशेब असतो.

काही इमारतींत सोसायटी नसते, अपार्टमेंट असतं. बोलताना लोक त्याला कॉन्डोमिनियमही म्हणतात. तिथे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० लागू होतो. त्यात सामायिक खर्चाची वाटणी प्रत्येक मालकाच्या अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने होते आणि ही टक्केवारी घोषणापत्रात लिहिलेली असते. तुमच्याकडे भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, आहे की अपार्टमेंटचं खरेदीखत, हे पाहिलं की आपण कोणत्या कायद्याखाली येतो ते कळतं. पुढचे नियम सोसायटीचे आहेत.

हा खर्च आपल्याला भरायचाच आहे का

नवी इमारत असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. रेरा कायद्याच्या, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. तरीही तिसऱ्या-चौथ्या वर्षी बाहेरच्या भिंतींना भेगा जातात, गच्ची गळते आणि कमिटी सदस्यांकडून वर्गणी गोळा करून काम उरकते. पाठपुराव्याचा कंटाळा, बिल्डरशी असलेले संबंध किंवा ‘कोण कोर्टकचेऱ्या करणार’ ही भावना, कारण काहीही असो, पैसा मात्र सदस्यांचा जातो. अशा वेळी सभेत एकच विचारा: बिल्डरला लेखी नोटीस कोणत्या तारखेला दिली? ती दिलीच नसेल, तर आधी ती द्यायला लावा. पाच वर्षांची मुदत कुणासाठी थांबत नाही.

जुन्या इमारतीत प्रश्न असतो संस्थेचं काम कोणतं आणि फ्लॅटधारकाचं कोणतं, हा. आदर्श उपविधींत याची यादीच आहे. बाहेरच्या भिंती, जिने, गच्ची आणि तिचा कठडा, पाण्याच्या टाक्या, पंप, सांडपाण्याच्या वाहिन्या, कुंपणाची भिंत, लिफ्ट, फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतची वीजवाहिनी हे सगळं संस्थेच्या खर्चाने. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळतीही संस्थेचीच. वरच्या मजल्यावरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून त्यांच्या छताचं प्लास्टर पडलं, तर ते छत आणि प्लास्टर संस्थेने दुरुस्त करून द्यायचं आहे. ‘तुमच्या घरातलं आहे, तुम्ही बघा’ असं सांगून त्यांना परत पाठवता येत नाही. उलट, वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून किंवा सिंकखालून खालच्या घरात पाणी उतरत असेल, तर तो खर्च संबंधित फ्लॅटधारकाचा. तो संस्थेच्या दुरुस्ती निधीतून झाला असेल तर त्यावर हरकत घेता येते.

काम खरंच लागतं, हे कोण सांगतं

इमारतीचं वय १५ ते ३० वर्षांत असेल तर दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांच्या पुढे गेलं की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं, असं आदर्श उपविधी सांगतात. मुंबईत याशिवाय महापालिका अधिनियमाचं कलम ३५३-ब आहे. त्याखाली ३० वर्षांहून जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं बंधनकारक आहे.

हा अहवाल पूर्ण वाचायला मागा, फक्त शेवटचं पान नको. चांगल्या अहवालात फ्लॅटनिहाय पाहणी असते, फोटो असतात आणि चाचण्यांचे आकडे असतात. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा दाखवतो. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात यावरून आतल्या पोकळ्या-भेगांचा अंदाज येतो. हाफ सेल चाचणी सळयांना गंज धरण्याची शक्यता सांगते. या चाचण्या न करता, दोन तास फिरून, ‘इमारतीस तातडीने संपूर्ण दुरुस्ती आवश्यक’ असं दोन पानांत लिहिलेलं असेल, तर त्यावर लाखोंचा ठराव करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्याने तपासणी केली तोच पुढे ठेकेदार म्हणून काम घेणार असेल, तर दुसऱ्या इंजिनिअरचं मत घेण्याचा खर्च अवश्य करावा. तो खर्च एकूण कामाच्या मानाने अगदीच किरकोळ असतो.

तिजोरीत काय आहे

दर महिन्याच्या बिलात ‘दुरुस्ती निधी’ आणि ‘सिंकिंग फंड’ अशा दोन ओळी असतात. सिंकिंग फंड म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवायचा राखीव निधी. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के घ्यायचा असतो. बांधकाम खर्च म्हणजे जमिनीची किंमत वगळून. फ्लॅटचा बांधकाम खर्च ८ लाख धरला तर वर्षाला ६,००० रुपये दुरुस्ती निधी आणि २,००० रुपये सिंकिंग फंड.

खरी अडचण जुन्या इमारतींत आहे. टक्केवारी काढायची ती बांधकामाच्या वेळच्या खर्चावर. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या फ्लॅटचा बांधकाम खर्च लाखभर रुपये असेल, तर दुरुस्ती निधी होतो वर्षाला ७५० रुपये. एवढ्यात आज जिन्याला रंगही लागत नाही. हे टक्के किमान आहेत. सर्वसाधारण सभा जास्त दर ठरवू शकते. पण मासिक बिल वाढू नये म्हणून वर्षानुवर्षं कुणी दर वाढवत नाही आणि एक दिवस एकदम लाख-दीड लाखांची नोटीस येते. यात दोष कमिटीइतकाच सभेत हात वर करणाऱ्या प्रत्येकाचा असतो. त्या नोटिशीने सगळ्यात जास्त कंबरडं मोडतं ते निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यांचं. हप्ते जास्त महिन्यांत पसरवून देणं सभेच्या हातात असतं. कुणी नुसतं मागितलं तरी बहुतेक सभा ते मान्य करतात. स्वतःला गरज नसेल तरी शेजारच्या आजींसाठी ते मागावं.

वर्गणीची नोटीस काढण्यापूर्वी दोन्ही निधींत किती रक्कम आहे, कोणत्या बँकेत आहे, मुदत ठेवी कधी पिकणार, हे सभेसमोर यायला हवं. सिंकिंग फंड वाटेल तसा वापरता येत नाही; आर्किटेक्टने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा इमारत भक्कम करण्याच्या कामासाठी, तोही सभेच्या ठरावाने, वापरता येतो. ताळेबंदात निधी दिसतो पण बँकेत तेवढे पैसे नाहीत, असंही होतं. निधी म्हणून गोळा केलेला पैसा वॉचमनच्या पगारात आणि वीजबिलात गेलेला असतो. ताळेबंदाची डावी बाजू आणि उजवी बाजू शेजारी ठेवून वाचली की हे लगेच दिसतं: डावीकडचे निधी आणि उजवीकडच्या गुंतवणुका जुळायला हव्यात.

एक वाक्य, ज्यावर सगळं अवलंबून असतं

‘इमारतीच्या दुरुस्तीबाबतचे सर्व अधिकार व्यवस्थापक समितीस देण्यात येत आहेत. ठराव सर्वानुमते मंजूर.’ अशा ओळी इतिवृत्तात वाचायला मिळतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. सदस्यांनी आपला हिशेब मागायचा अधिकार स्वतःच्या हाताने सैल केलेला असतो. पुढे खर्च पन्नासाचा ऐंशी लाख झाला की कमिटी हाच ठराव समोर ठेवते.

उपविधींची मांडणी वेगळी आहे. कमिटी स्वतःच्या अधिकारात एका वेळी किती खर्च करू शकते याची मर्यादा सदस्यसंख्येनुसार ठरलेली असते; नेमका आकडा आपल्या उपविधींत पाहा. त्यापुढच्या खर्चाला सभेची पूर्वमंजुरी लागते. निविदा न मागवता किती रकमेपर्यंतचं काम देता येईल, ही मर्यादाही सभेने ठरवायची असते. त्यापेक्षा मोठ्या कामासाठी निविदा मागवायच्या आणि त्या सभेपुढे मंजुरीला ठेवायच्या. म्हणजे ठेकेदार कोण, हे कमिटीने परस्पर ठरवून फक्त नाव वाचून दाखवणं पुरेसं नाही.

मग ठराव कसा असावा? त्यात ठेकेदाराचं नाव, मंजूर रक्कम, जीएसटी त्यात धरला आहे की वेगळा, आणि वाढीव कामाची मर्यादा असावी. समजा ६० लाखांचं काम आहे. ‘मंजूर रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वाढ होत असल्यास पुन्हा सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी’ एवढी एक ओळ ठरावात घातली, की ६६ लाखांच्या पुढचा प्रत्येक रुपया पुन्हा सगळ्यांसमोर येतो. ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ६० लाखांवर तो १० लाख ८० हजार होतो. दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कर वेगळे’ लिहिलेलं असेल आणि ते कुणी वाचलंच नाही, तर दुसरी नोटीस येणार हे नक्की.

सभेच्या नोटिशीकडेही लक्ष द्या. वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण १४ दिवसांची आणि विशेष सभेसाठी पूर्ण ५ दिवसांची नोटीस लागते, आणि विषय विषयपत्रिकेवर हवा. लाखोंची दुरुस्ती ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या सदरात मंजूर होऊ देऊ नका. तिथल्या तिथे हरकत नोंदवा आणि ती इतिवृत्तात आली का, ते नंतर तपासा. गणपूर्ती नाही म्हणून अर्ध्या तासासाठी तहकूब केलेली सभा नंतर जितके हजर असतील तितक्यांत होऊ शकते. दहा जणांनी सव्वाशे फ्लॅटांच्या वतीने ठराव केला, अशी तक्रार पुष्कळदा येते. बाकीचे घरीच होते, हे त्या तक्रारीत सांगितलेलं नसतं.

तीन दरपत्रकं आणि एक सापळा

तीन ठेकेदारांचे बंद लिफाफे उघडले, सगळ्यात कमी रकमेच्या ठेकेदाराला काम दिलं, म्हणजे व्यवहार स्वच्छ झाला असं वाटतं. पण तिघांनी वेगवेगळ्या कामांचे दर दिले असतील तर तुलनाच होत नाही. एकाने बाहेरचं सगळं प्लास्टर धरलं, दुसऱ्याने फक्त तडे भरायचं धरलं, तिसऱ्याने परांचीचा खर्च वगळला. म्हणून आधी सल्लागार इंजिनिअरने कामाची बाबनिहाय यादी करायची: कोणतं काम, अंदाजे किती चौरस फूट, कोणतं साहित्य. तीच कोरी यादी सगळ्यांना द्यायची आणि प्रत्येकाने फक्त दर भरायचे. मग आकडे खरोखर शेजारी ठेवता येतात.

सल्लागाराची फी बिलाच्या टक्केवारीत असेल तर बिल वाढलं की त्याची फीही वाढते. माणूस प्रामाणिक असला तरी ही रचना चुकीची आहे. फी मंजूर रकमेवर ठरवा, वाढीव कामावर देऊ नका. कमिटीतल्या कुणाचा ठेकेदाराशी नात्याचा किंवा धंद्याचा संबंध असेल तर तो सभेत उघड सांगायला हवा. संस्थेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणं हे समितीवरून अपात्र ठरण्याचं कारण आहे.

वाटणी: समान की क्षेत्रफळावर

यावरून अनेक सोसायट्यांत वर्षानुवर्षं बोलचाल बंद असते. नियम खर्चाच्या प्रकारानुसार बदलतो. वॉचमन, साफसफाई, सामायिक वीज, कार्यालय यांसारखे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटांना समान. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सर्वांना समान, तळमजल्यावरच्यांनाही. मोठ्या दुरुस्तीचा निधी मात्र आदर्श उपविधींनुसार सभेने ठरवलेल्या दराने, क्षेत्रफळाच्या प्रमाणात घ्यायचा असतो.

आकड्यांत पाहू. समजा ४० फ्लॅट आहेत: २४ फ्लॅट ५०० चौरस फुटांचे, १६ फ्लॅट ७५० चौरस फुटांचे. एकूण क्षेत्रफळ २४,००० चौरस फूट. खर्च ६० लाख, निधीत शिल्लक १८ लाख, म्हणजे जमवायचे ४२ लाख. दर पडतो १७५ रुपये चौरस फूट. लहान फ्लॅटला ८७,५०० आणि मोठ्याला १,३१,२५० रुपये. हेच समान वाटले असते तर प्रत्येकी १,०५,००० झाले असते. आणि निधीतले १८ लाख लपूनच राहिले असते, तर लहान फ्लॅटला १,२५,००० भरावे लागले असते. नोटिशीत फक्त भरायची रक्कम येते. मागची आकडेमोड मागून घ्या. ती कमिटीकडे असायलाच हवी.

परांचीवर उभं राहून होणारा हिशेब

खर्च खरा वाढतो तो इथे, आणि इथे कुणी पाहत नसतं.

अंदाजपत्रक करताना इंजिनिअर जमिनीवरून आणि खिडक्यांतून पाहतो. बाहेरून धड दिसणाऱ्या प्लास्टरमागे सळई किती गंजली आहे, हे परांची बांधून हातोडीने ठोकून पाहिल्यावरच कळतं. भक्कम प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं. पोकळ वाजलेल्या जागेभोवती खडूने चौकोन आखायचा, टेपने लांबी-रुंदी मोजायची, तेवढंच फोडायचं. फोडल्यावर सळई दिसते: नुसता तांबूस थर आहे, की बोटाने खरवडली तर पापुद्रे निघतात? त्यावर ठरतं की सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर भरायचं, की नवी सळई जोडून मायक्रोकाँक्रीट ओतायचं. दोन्हींच्या दरांत मोठा फरक असतो. समजा यादीत पॉलिमर मॉर्टर २,००० चौरस फूट धरलं होतं, प्रत्यक्षात ५,००० भरलं, दर ३०० रुपये. फक्त एका बाबीत ९ लाखांची वाढ.

ही वाढ खरी असू शकते, खोटीही असू शकते. नवं प्लास्टर आणि रंग चढल्यावर त्यातलं कुणालाही काही सांगता येत नाही. म्हणून मोजमाप झाकण्याआधी व्हायला हवं: प्रत्येक बाजूचं, मजल्यानुसार, मोजमाप वहीत लिहिलेलं, फोटोसह, आणि ठेकेदार, सल्लागार व संस्थेचा प्रतिनिधी या तिघांच्या सह्यांचं. संस्थेचा प्रतिनिधी कमिटीतलाच हवा असं नाही. दुरुस्तीसाठी तीन-चार सदस्यांची वेगळी उपसमिती सभेत नेमून घ्या, त्यात निदान एखादा बांधकामातलं कळणारा असावा. सोसायटीत एखादे निवृत्त ओव्हरसिअर काका असतातच. त्यांना मान द्या आणि हे काम द्या.

ठेकेदाराचे पैसे टप्प्याटप्प्याने, मोजमाप झालेल्या कामापुरतेच द्यायचे. प्रत्येक बिलातून ठरलेले काही टक्के अनामत म्हणून राखून ठेवायचे, ते दोष-दायित्वाचा, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा, काळ संपल्यावर सोडायचे. हा काळ निदान एक पावसाळा ओलांडणारा असावा. टीडीएस कापणं आणि धनादेशाने किंवा बँकेतून रक्कम देणं यावर वेगळं लिहायची गरज नाही. रोखीने काही रक्कम दिली असं कळलं तर मात्र तिथेच थांबून चौकशी करा.

कागद मिळत नसतील तर

सदस्य म्हणून तुम्हाला अधिनियम, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे; शुल्क भरून प्रतीही मिळतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ‘सगळी कागदपत्रं द्या’ असं लिहू नका. अमुक तारखेचं इतिवृत्त, निविदांचा तुलनात्मक तक्ता, अंतिम बिल, असं नेमकं लिहा. माहितीचा अधिकार थेट सोसायटीला लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं की सहकारी कायद्याखाली नोंदलेली संस्था एवढ्यावरून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. पण सोसायटीने सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात दाखल केलेले कागद तिथून माहितीच्या अधिकारात मागता येतात.

दर वर्षी लेखापरीक्षण होतं, आणि वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. लेखापरीक्षक व्हाउचर आणि ठराव तपासतो. तो परांचीवर चढत नाही. तरीही त्याचा दोष अहवाल वाचा. ठराव नसताना खर्च, निविदेशिवाय काम, निधीची गुंतवणूक नाही, असे शेरे तिथे असतात. त्या दोषांची दुरुस्ती केल्याचा अहवाल ‘ओ’ नमुन्यात सादर करणं ही कमिटीची जबाबदारी आहे. तो सादर झाला का, हे वार्षिक सभेत विचारा. हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं.

कमिटी सभाच बोलावत नसेल, तर एक पंचमांश सदस्यांनी सह्या करून विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करावी. ती महिन्याभरात बोलवावी लागते. इथे एक खबरदारी घ्या. सदस्यांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला गणपूर्ती झाली नाही, तर ती तहकूब होत नाही, रद्द होते. सह्या करणाऱ्यांनी त्या दिवशी हजर राहायलाच हवं.

त्यानंतर दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांत फार घोळ करतात. कागद देत नाहीत, सभा घेत नाहीत, निधीचा गैरवापर झाला, अशा कारभाराच्या तक्रारी उपनिबंधकांकडे जातात. निबंधक कलम ८३ खाली चौकशी लावू शकतात किंवा कलम ८९-अ खाली संस्थेच्या कामकाजाची तपासणी करू शकतात. पैसा चुकीच्या रीतीने वापरला गेला किंवा संस्थेचं नुकसान केलं गेलं असं चौकशीत किंवा लेखापरीक्षणात निघालं, तर कलम ८८ खाली जबाबदार व्यक्तींकडून ती रक्कम व्याजासह वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. दुसरी वाट सहकार न्यायालयाची, कलम ९१ खाली: ठराव बेकायदा आहे, वाटणी चुकीची आहे, दुरुस्ती किंवा गळतीचा वाद आहे, तर तिथे जायचं. उपनिबंधकांकडे दोन वर्षं हेलपाटे घातल्यावर ‘हा विषय न्यायालयाचा आहे’ हे उत्तर ऐकायला लागू नये, म्हणून आधी कुणा जाणकाराला विचारून मगच अर्ज करा.

पैसे अडवून ठेवणं मात्र टाळा. राग समजण्यासारखा आहे, पण न भरलेल्या रकमेवर व्याज चढतं; २०१४ च्या आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वर्षाला सरळव्याजाने २१ टक्के आहे. कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवून संस्था थकबाकी वसूल करू शकते. थकबाकीदार झालात की समितीवर निवडून येण्याचा मार्गही बंद होतो, म्हणजे सुधारणा करायची संधी जाते. त्यापेक्षा ‘हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहे’ असं पत्र देऊन पैसे भरा, पत्राची पोच जपून ठेवा आणि वाद योग्य ठिकाणी चालवा.

काम संपल्यावर अंतिम बिल, मोजमाप वही, साहित्याच्या चाचण्यांचे अहवाल आणि वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र संस्थेच्या दप्तरात गेलं का, हे पाहा. हमीपत्र संस्थेच्या नावाने, मुद्रांकावर, मुदतीसह हवं. कमिटी पाच वर्षांनी बदलते, हमी बहुतेकदा त्याहून लांबची असते. म्हणून नव्या कमिटीकडे कार्यभार देताना होणाऱ्या यादीत या कागदांचा स्वतंत्र उल्लेख करून दोन्ही सचिवांच्या सह्या घ्या, आणि हमीपत्राची एक प्रत वार्षिक अहवालाला जोडून प्रत्येक सदस्याकडे पाठवा.